शिजणे आणि सुटणे : स्लो कुकरमधला डुकराचा खांदा



आजचा विषय फलकावर वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं स्वयंपाकघरात काय काम? पण आपल्या दर्शनांमध्ये 'पाक' या शब्दावर शतकानुशतके वाद झाला आहे. उष्णतेने वस्तू बदलते म्हणजे नेमके काय बदलते, हा त्या वादाचा विषय. आज आपण तो एका पातेल्यात उतरवून पाहू.

पदार्थ एकच घेऊ. डुकराच्या खांद्याचे मांस, स्लो कुकरमध्ये आठ-दहा तास शिजवलेले. इतके, की काट्याने ओढले तर दोरे सुटावेत. अमेरिकेत याला 'पुल्ड पोर्क' म्हणतात, म्हणजे ओढून मोकळे केलेले मांस. जे हे मांस खात नाहीत त्यांनीही उठून जाऊ नये. इथे जे तत्त्व सांगणार आहोत ते बोकडाच्या खांद्याला आणि पायाच्या रश्श्यालाही लागू आहे. शाकाहारी मंडळींसाठी शेवटी राजमा आहे.

आणि हा विषय बोईसरला का? कारण इथे घड्याळ पाळीवर चालते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली, देशभरातून माणसे इथे कामाला आली. आठ तासांची पाळी, जाण्यायेण्याचा वेळ, घरात दोघेही कामावर. पालघरहून लोकलने मुंबई गाठणाऱ्यांचे तर बारा तास जातात. अशा घरात वेळ असतो, पण चुलीपाशी उभे राहायला माणूस नसतो. वेळ देणे वेगळे आणि लक्ष देणे वेगळे. आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मांसातली दोन घड्याळे

'मांस शिजले' असे आपण एका दमात म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात.

मांसात एक असतात स्नायूंचे तंतू. दुसरे असते त्या तंतूंच्या जुड्या बांधून ठेवणारे आवरण. हे आवरण कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे. तंतू उष्णतेला फार लवकर दाद देतात. पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास बदल सुरू होतो, सत्तरपर्यंत ते घट्ट होतात, आखडतात आणि आतले पाणी बाहेर टाकतात. त्यांचे घड्याळ तापमानाचे आहे. तेवढे तापमान गाठले की काम झाले.

कोलॅजेनचे तसे नाही. साठ-पासष्ट अंशांना ते आधी आकसते आणि तंतूंना आणखीच आवळते. सत्तरच्या पुढे, पाणी सोबत असेल तर, ते हळूहळू विरघळू लागते आणि त्याचे जिलेटिन होते. ऐंशी-नव्वदला हा वेग वाढतो, तरीही तास लागतातच. म्हणजे याचे घड्याळ तापमानाचे आणि काळाचेही.

पायाचा रस्सा ज्यांनी केला आहे त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. रात्रभर मंद आचेवर ठेवलेला रस्सा बोटांना चिकटतो आणि फ्रीजमध्ये ठेवला तर थरथरणाऱ्या वडीसारखा बसतो. ती वडी म्हणजे विरघळलेले कोलॅजेन.

आता एक कोडे सुटते. खांद्याचा तुकडा तासाभराने चाखला तर तो पूर्ण शिजलेला असतो, कच्चेपणाचा मागमूस नसतो, आणि तरी चिवट लागतो. लोक म्हणतात, 'अजून शिजलं नाही.' खरे तर शिजले आहे, सुटलेले नाही. पहिले घड्याळ वाजून गेले आहे, दुसरे अर्ध्यावरही आलेले नाही. मांसाची सगळ्यात वाईट अवस्था हीच, कारण रस गेला आणि मऊपणा आला नाही. इथेच धीर सोडून लोक आच वाढवतात.

पुढे काही तासांनी जे होते ते ऐका. तंतूंतून गेलेले पाणी सगळे परत येत नाही. पण जिलेटिन आणि वितळलेली चरबी तंतूंना लपेटते, आणि जिभेला मांस रसाळ लागते. म्हणून या पदार्थाला खांदाच हवा. खांदा हे जनावराचे राबणारे अंग, त्यात कोलॅजेन आणि चरबी भरपूर. पाठीचा मऊ, महागडा तुकडा घेतला तर त्यात विरघळायला फारसे काहीच नसते आणि आठ तासांनी हाती भुसा येतो.

पीलुपाक की पिठरपाक?

आता दर्शनांकडे वळू. कुंभाराने काळसर कच्चे मडके आव्यात घातले, बाहेर काढले तर ते लाल झालेले. मग काय बदलले? वैशेषिक म्हणतात, अग्नीने मडक्याचे परमाणू सुटे होतात, सुट्या परमाणूंचा जुना रंग नाहीसा होऊन नवा उपजतो, आणि ते पुन्हा जुळून मडके होते. पीलु म्हणजे परमाणू, म्हणून हा पीलुपाक. नैयायिक म्हणतात, असे कसे? आव्याच्या भोकातून पाहिले तर मडके तिथेच दिसते, आणि त्याच्यावर रचलेली मडकी कोसळतही नाहीत. मडके सच्छिद्र आहे, उष्णता आत शिरते आणि अख्खे मडकेच पक्व होते. पिठर म्हणजे भांडे, म्हणून हा पिठरपाक.

वर्गात हा वाद शिकवताना आम्ही नेहमी मडक्याचेच उदाहरण द्यायचो. पण स्लो कुकरच्या काचेच्या झाकणातून पाहा. आठव्या तासाला मांसाचा तुकडा आहे तसाच दिसतो. आकार तोच, जागा तीच. नैयायिक खूश! आता काटा टोचून जरा फिरवा. तुकडा कोसळतो आणि दोरे हातात येतात. तो आतून कधीच सुटा झाला होता, केवळ कोणी हलवले नाही म्हणून एकसंध दिसत होता. मग वैशेषिकांची कळी खुलते.

अर्थात मांसाचे तंतू परमाणू नव्हेत, ही तुलना फार ताणायची नाही. तिचा उपयोग एवढाच, की 'अख्खी वस्तू शिजते' आणि 'वस्तूचे घटक शिजतात' हे दोन प्रश्न वेगळे ठेवायची सवय लागते. ती लागली की घड्याळाकडे बघून 'आठ तास झाले, उतरवा' असे आपण म्हणत नाही. काटा फिरवून पाहतो. काटा सहज फिरला तर झाले, नाही तर आणखी तास. हातात तापमापी असेल तर मधोमध नव्वद ते पंच्याण्णव अंश दिसले पाहिजेत.

वैलापासून यंत्रापर्यंत

हे सगळे परदेशी यंत्राचे कौतुक आहे असे कोणी समजू नये. आपल्या चुलीला वैल असायचा, आठवतो? मुख्य जाळाशेजारचे दुसरे तोंड. भाकरी पुढे, आणि आमटीचे भांडे उरलेल्या धगीवर वैलावर. तिथे कोणी उभे राहत नसे. वैल हा आपला स्लो कुकरच होता. गॅसची शेगडी आली आणि वैल गेला.

यंत्राची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतले आयर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये अशा विजेच्या भांड्याचे पेटंट मिळाले. कल्पना मिळाली ती आईकडून ऐकलेल्या लिथुआनियातल्या आठवणीतून. ज्यू धर्मात शब्बाथच्या दिवशी चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी मांस, घेवडा घातलेले भांडे गावच्या बेकरीच्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी काढायचे. त्या पदार्थाचे नाव चोलंट. पुढे नॅक्सन यांचा व्यवसाय रायव्हल कंपनीने घेतला आणि १९७१ मध्ये हे भांडे 'क्रॉक-पॉट' नावाने घरोघर गेले. ज्या धर्मात डुक्कर निषिद्ध, त्याच्या विश्रांतीच्या दिवसासाठी घडलेली युक्ती आज डुकराच्या खांद्यासाठी जगभर वापरली जाते. यात कोणाचा उपमर्द नाही. युक्ती जन्मते एका गरजेतून आणि जगते अनेक गरजांसाठी, एवढेच.

आत रचना साधी. जाड मातीचे चकाकते भांडे, भोवती विजेची तार, वर झाकण. साधारण दोनशे-तीनशे वॉटचे यंत्र असते. दोनशे वॉटचे यंत्र नऊ तास चालले तर दोन युनिटांच्या आत काम भागते. एक गैरसमज मात्र काढून टाका. बहुतेक यंत्रांत 'लो' आणि 'हाय' यांचे अखेरचे तापमान जवळपास सारखेच, उकळीच्या थोडे खाली. फरक तिथे पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा.

आपल्या जिल्ह्यातली चव

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात या मांसावर व्हिनेगर आणि मिरचीचा आंबट रस घालतात. आंबट आणि डुक्कर ही जोडी आपल्या जिल्ह्यात चारएकशे वर्षे तरी नांदते आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, ती १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतली. तारापूरचा किल्लाही त्याच मोहिमेत आला. राज्य गेले, पण मागे पाव राहिला आणि विंदालू राहिले. विंदालूतला 'आलू' बटाटा नव्हे. मूळ पोर्तुगीज नावाचा अर्थ द्राक्षाची दारू आणि लसूण. इथे द्राक्षाच्या दारूची जागा सिरक्याने घेतली आणि किनाऱ्याला ताडी-माडीला तोटा नव्हता.

वसईच्या ख्रिस्ती घरांत, ईस्ट इंडियन समाजात, विंदालू, इंदियाल, सोर्पोतेल हे सणाचे पदार्थ. त्यांच्याकडचा बाटली मसाला तुम्ही ऐकला असेल. उन्हाळ्यात मिरच्या आणि खूपसे मसाले वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, वर्षभर पुरवतात. सोर्पोतेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चांगले लागते, असे या घरांतून सांगतात. म्हणजे शिजणे, सुटणे आणि त्यापुढे मुरणे. म्हणून आपण अमेरिकन पद्धत घेऊ आणि चव वसईची ठेवू.

कृती

सहा-सात माणसांसाठी दीड किलो खांद्याचे मांस, हाड काढलेले. कातडी काढून घ्या, आतली चरबी राहू द्या. त्याचे दोन-तीन मोठे तुकडे पुरेत. रश्श्यासाठी करतात तसे बारीक तुकडे नकोत, नाही तर दोरे आखूड होतात.

आदल्या रात्री वीस ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे साधारण तीन चमचे सपाट, दोन मोठे चमचे बाटली मसाला, बारा-पंधरा पाकळ्या लसूण वाटून आणि थोडी मिरपूड, असे सगळे मांसाला चोळून फ्रीजमध्ये ठेवा. बाटली मसाला नसेल तर घरातला गरम मसाला आणि लाल तिखट चालेल.

सकाळी तवा चांगला तापवून तुकडे सगळ्या बाजूंनी लालसर करून घ्या. ही पायरी लोक टाळतात. पण स्लो कुकर ओल्या उष्णतेचा, तो शंभर अंशांच्या वर जात नाही. खरपूस वासासाठी त्याहून बरीच जास्त कोरडी उष्णता लागते. ते काम तव्याचे, यंत्र ते करू शकत नाही.

भांड्याच्या तळाशी तीन कांद्यांचे जाड काप, त्यावर मांस. पाव कप सिरका, पाव कप पाणी, लिंबाएवढा गूळ. पाणी एवढेच. झाकण बंद असल्यामुळे वाफ फारशी जात नाही आणि मांस स्वतःचे पाणी सोडते. भांडे अर्धे ते दोन-तृतीयांश भरलेले असावे. पहिला तास 'हाय'वर, मग 'लो'वर आठ तास. मधे झाकण उघडायचे नाही. एकदा उघडले की गेलेली उष्णता भरून यायला पंधरा-वीस मिनिटे जातात.

काटा सहज फिरला की तुकडे परातीत काढा, पंधरा-वीस मिनिटे निवू द्या, मग दोन काट्यांनी ओढून मोकळे करा. भांड्यातल्या रसावरची चरबी पळीने काढा आणि रस गॅसवर आटवून निम्मा करा. त्यातच जिलेटिन आहे, तो फेकू नका. तो मांसात परत कालवा, मीठ आणि सिरका चाखून पाहा. सोबत पाव, वसईकडचे फुगे, नाही तर तांदळाची भाकरी. वजन तिसऱ्या हिश्शाने तरी घटते, हे खरेदी करताना लक्षात ठेवा.

लक्ष कुठे द्यायचे

आता मुळाशी येऊ. हे यंत्र आपला वेळ वाचवत नाही, उलट जास्त घेते. ते वाचवते लक्ष. पण लक्ष मधल्या आठ तासांतून काढले तर ते दोन टोकांना द्यावे लागते, आधी आणि नंतर. तिथे ढिलाई झाली तर माणूस आजारी पडतो.

आधीचे टोक. पाच ते साठ अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. यंत्र सावकाश तापते, म्हणून मांस या पट्ट्यात रेंगाळू नये. गोठलेला गोळा सरळ भांड्यात टाकायचा नाही. तो फ्रीजमध्ये ठेवून पूर्ण सुटू द्यायचा. पहिला तास 'हाय'वर ठेवतो तोही याचसाठी.

नंतरचे टोक. मांस तयार झाल्यावर दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत पसरून फ्रीजमध्ये गेले पाहिजे. आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात एकच तास धरा. खोल पातेले तसेच आत ठेवले तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. पुन्हा गरम करायचे ते गॅसवर, वाफा येईपर्यंत. स्लो कुकरमध्ये नाही.

चिठ्ठ्या

आता आलेल्या चिठ्ठ्या घेऊ.

*'डुकराचे मांस खाल्ल्याने मेंदूत गाठी होतात, हे खरे का?'*

चांगला प्रश्न. यात दोन गोष्टींची गल्लत आहे, ती सोडवू. अर्धकच्च्या मांसातून पट्टकृमीच्या अळ्या पोटात गेल्या तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूत गाठी होतात त्या त्याच्या अंड्यांमुळे. ही अंडी पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, दूषित पाणी, कच्ची भाजी यांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. म्हणजे मेंदूतला आजार जन्मात मांस न खाल्लेल्या माणसालाही होतो. आपल्या देशात झटके येण्याच्या कारणांमध्ये तो एक मोठा आहे. मग उपाय दोन. मांस पूर्ण शिजवणे, आणि नव्वद अंशांपर्यंत गेलेल्या मांसात अळी जगत नाही. दुसरा उपाय शौचालय, साबण आणि धुतलेली भाजी. दुसऱ्याची गरज सगळ्यांना आहे, खाणाऱ्यांना आणि न खाणाऱ्यांनाही. डुक्कर उकिरड्यावर हिंडलेले नसावे, पाळलेले असावे, हे खात्रीच्या दुकानदाराला विचारून घ्या.

*'मधेच वीज गेली तर?'*

पावसाळ्यात आपल्याकडे हा प्रश्न पडणारच. घरी असाल तर लगेच जाड बुडाच्या पातेल्यात काढून गॅसवर पुढे शिजवा. मांस पूर्ण झालेले असेल तर झाकलेल्या भांड्यात दोन तास धोका नाही. पण तुम्ही पाळीवर होतात, परत आलात आणि वीज केव्हा गेली, किती वेळ नव्हती हे कळायला मार्ग नाही, तर ते टाकून द्या. दिसायला, वासाला चांगले असले तरी. जीव कळवळतो, पण इथे डोळ्यांचा पुरावा प्रमाण मानता येत नाही. म्हणून पहिल्यांदा कराल तेव्हा सुट्टीच्या दिवशी करा.

*'प्रेशर कुकरमध्ये तासाभरात होतं, मग एवढा खटाटोप कशाला?'*

होतं, अगदी खरं. कुकरमध्ये दाबामुळे तापमान एकशे वीस अंशांपर्यंत जातं आणि कोलॅजेन लवकर विरघळतं. पण तंतू जास्त आवळले जातात आणि नेमकी वेळ साधली नाही तर एकतर चिवट, नाहीतर लगदा. शिवाय शिट्ट्या मोजायला माणूस लागतो. ज्याच्याकडे तासभर लक्ष आहे त्याने कुकर घ्यावा. ज्याच्याकडे लक्ष नाही पण दिवस आहे, त्याने हे यंत्र. यंत्र नसेल तर जाड बुडाच्या झाकणाच्या पातेल्यात, सगळ्यात बारीक गॅसवर, साडेतीन-चार तास. अधूनमधून पाणी बघत.

*'बोकडाचं मटण असं करता येईल का? आणि राजमा?'*

बोकडाचा खांदा हाडासकट घ्या. चरबी कमी, म्हणून दोन चमचे तेल किंवा तूप जास्त. बाकी तेच. राजम्याला मात्र सावध राहा. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळीशिवाय जात नाही आणि स्लो कुकरची उष्णता त्याला पुरी पडेलच असं नाही. आधी रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, नव्या पाण्यात गॅसवर निदान दहा मिनिटं खळखळ उकळा, आणि मगच स्लो कुकरमध्ये.

एक चिठ्ठी निनावी आहे. *'इमारतीत शेजाऱ्यांना वास चालत नाही, काय करावं?'*

तव्यावर मांस परतताना खिडकी उघडी आणि दार बंद ठेवा. वासाचा मोठा भाग त्या दहा मिनिटांत असतो, पुढचे आठ तास झाकणाखाली जातात. ही झाली तांत्रिक बाजू. उरलेल्या बाजूला यंत्र नाही. तुमच्या घरात काय शिजावं हे शेजाऱ्याने ठरवू नये, आणि त्याला त्रास होतो ही गोष्ट तुम्ही खोटी मानू नये. या दोन्ही गोष्टी एकाच जिन्यात राहतात. जिन्यात भेट होईल तेव्हा आपणच आधी बोलावं, एवढं आम्ही सुचवू.

वेळ संपली आहे. पुढच्या व्याख्यानात आंबवणे हा विषय घेऊ, म्हणजे इडलीपासून ताडीच्या सिरक्यापर्यंत.